कोयना रेसिंगचं चौथं चाक

कनाटा
१२ जानेवारी २०२५

मिलिंद,

पत्राच्या सुरुवातीला माणसं खुशाली विचारतात. मी विचारत नाही आणि माझीही सांगत नाही. पत्ता यांच्या डायरीत मिळाला. शेजारी फोन नंबरही होता, पण तुमचा आवाज ऐकायची माझी तयारी नाही, म्हणून पत्र.

हे गेले. गेल्या वर्षी मे महिन्याच्या अठरा तारखेला. तुम्हाला मी कळवलं नाही, मुद्दामच.

बेसमेंट आवरताना यांची एक जाड वही सापडली. वर लिहिलंय, ‘कोयना रेसिंगचा इतिहास’. मला पत्ताच नव्हता हे लिहीत होते म्हणून! कराडच्या दोन पोरांनी इंग्लंडात कॉव्हेंट्रीजवळ कोंबड्यांची रिकामी शेड भाड्यानं घेऊन १९९४ साली गाडी बांधली, तिथपासून सगळं आहे. तुमच्याबद्दल तर पानंच्या पानं आहेत. मोठ्या टीम एकदा वापरून टाकून द्यायच्या ते टायर तुम्ही कसे गोड बोलून आणायचात, रॉबिन आठवडाभर शाळेत भूगोल शिकवून शनिवारी आपली गाडी चालवायला कसा धापा टाकत यायचा, १९९९ ला पावसात आपली गाडी पाचवी आली तेव्हा तुम्ही तिघं चिखलात कसे नाचलात. माझ्या पोह्यांच्या डब्यावरही अर्धं पान आहे.

वही सप्टेंबर २००३ ला थांबते. पुढची सगळी पानं कोरी आहेत. शेवटची रेस नाहीच.

वर्षश्राद्धाला मला ही वही छापून वाटायची आहे. मी वाचून अर्थ सांगते आणि माझी नात केया इंग्रजीत टाइप करते, म्हणजे रॉबिनच्या बायकोला, हेझललाही वाचता येईल. इतिहास म्हटला की शेवट हवा. तो तुम्ही लिहायचा. दसऱ्याच्या दिवशी चौथ्या चाकाचा नट आवळायचा तुमच्याकडून राहिला, चाक निखळलं आणि रॉबिन गेला, हे तुमच्या हातानं लिहा आणि खाली सही करा. एवढं देणं तुम्ही आमचं लागता.

प्रमोदिनी


एडमंटन
३० जानेवारी २०२५

वहिनी,

रागावलात तरी वहिनीच लिहिणार. दुसरं काय लिहू?

बाळ्या गेल्याचं मला जूनमध्ये कळलं, तेही फेसबुकवर. त्या दिवशी ग्रोसरी आणायला निघालो होतो. गाडीतच बसून राहिलो, शेवटी माझी लेक ईशानी शोधत आली. शाळेत पहिलीपासून एका बाकावर बसलो आम्ही. मला न सांगता गेला, हे काही बरं केलं नाही त्यानं.

शेवटचं पान लिहितो. नाही म्हणायला मला तोंड कुठाय? पण एक गोष्ट तेवढी त्यात राहू द्या. बावीस वर्षं मी एवढी एकच गोष्ट सांगत आलोय आणि कुणाला ती पटलेली नाही.

आमची पद्धत तुम्हाला ठाऊक आहे, तरी सांगतो. आपल्या गाडीच्या प्रत्येक चाकाला मधोमध एकच मोठा नट होता. आधी तो हातानं बसवायचा, मग मोजून आवळायच्या पान्यानं कटकन आवाज येईस्तोवर आवळायचा, आणि लगेच त्यावर लाल रंगाची एक रेघ ओढायची. रेघ दिसली म्हणजे काम झालं, पुन्हा हात लावायचा नाही. हा नियम बाळ्याचाच. चार माणसांचं काम दोघं करत होतो, असा नियम नसता तर वेड लागलं असतं.

त्या दिवशी मी तीन चाकं आवळली, रेघा ओढल्या. चौथ्याचा नट हातानं बसवला आणि तेवढ्यात तपासणीवाल्यानं कुठल्याशा कागदावर सहीला बोलावलं. दहा मिनिटांनी परत आलो तर चौथ्या नटावर लाल खूण होती. मी पाहिली, वहिनी. म्हटलं, अरे, हे तर करूनच गेलो होतो आपण! आणि जॅक खाली घेतला.

चौकशीत हेच सांगितलं. पण बाळ्यानं ट्रॅकच्या कडेच्या वाळूतून जो नट शोधून आणला, तो स्वच्छ निघाला. रंगाचा ठिपकासुद्धा नाही. मग मी एक तर खोटारडा, नाहीतर भ्रमिष्ट. बाळ्या काही बोलला नाही. मी इकडं कॅनडात यायला निघालो तेव्हा विमानतळावर येऊन मिठी मारली आणि म्हणाला, “जाऊ दे मिल्या, चूक माणसाच्याच हातून होते.”

त्यानंतर माझा माझ्या डोळ्यांवर भरवसा राहिला नाही. इथं गोदामात माल मोजायची नोकरी केली, प्रत्येक खोकं तीनदा मोजायचो. विंटर टायर्स स्वतः कधी बदलले नाहीत. घराला कुलूप लावून ड्राइव्हवेतून चारदा परत येतो, ईशानी म्हणते, “बाबा, इट्स लॉक्ड. आय सॉ यू लॉक इट.” तिनं पाहिलं म्हटलं की मला पटतं, मी पाहिलेलं पटत नाही.

म्हणून म्हणतो, चूक माझी लिहा, पण मिलिंदनं खूण पाहिली होती असं त्याचं म्हणणं आहे, एवढं एक वाक्य राहू द्या. पाया पडतो.

मिलिंद


कनाटा
१४ फेब्रुवारी २०२५

मिलिंद,

पाया पडू नका, सवय नाही मला.

तुमचं पत्र वाचून डोकं सणकलं. बावीस वर्षं झाली तरी तेच तुणतुणं! माणूस जिवानिशी गेला आणि तुम्हाला म्हणे खूण दिसली होती. सरळ “राहिलं” म्हणायला जीभ का अडखळते? हे तुम्हाला कधी शब्दानं बोलले नाहीत, म्हणून तुमचं फावलं. मी असते तर विमानतळावर मिठी मारली नसती.

मी पण होते तिथे, विसरलात. माझ्याही लख्ख लक्षात आहे. त्या वर्षी दसरा नेमका रविवारी आला. दरवर्षी मी शेडमध्ये पान्या-हातोड्यांची पूजा करायचे, त्या वर्षी म्हटलं, गाडी मैदानात आहे तर पूजाही मैदानात. हे आधीच ओरडले होते, “फुलं नि अक्षता नकोत, इंजिनात जातील.” म्हणून नुसतं कुंकू नेलं. वाऱ्यानं उडू नये म्हणून वाटीत तेल घालून कालवून नेलं. हे पेट्रोल आणायला गेले होते. रॉबिन हेल्मेट पुसत होता, त्याच्या कपाळाला लावलं. तो हसून म्हणाला, “प्रमो, मेक मी फास्ट.” मग बॉनेटला लावलं, आणि चारही चाकांना मधोमध, नटावर, एकेक बोट ओढलं. देवीला म्हटलं, सगळ्यांना सुखरूप घरी आण.

आणि तेव्हा तुम्ही कुठे होतात? जागेवर नव्हतात! गाडी जॅकवर तशीच सोडून कागदावर सह्या करत हिंडत होतात. हे तुम्हीच लिहिलंय आता. मी एवढं मनापासून सगळं केलं, देवीनं तरी काय करावं, माणसंच निष्काळजी म्हटल्यावर.

ते वाक्य राहणार नाही. ‘माझ्याकडून राहिलं’ एवढंच हवं. मार्चअखेर पाठवा.

प्रमोदिनी


एडमंटन
९ मार्च २०२५

वहिनी,

उत्तराला उशीर झाला. तीन आठवडे पाठ धरली होती, ड्राइव्हवेतला बर्फ शोव्हलनं उपसायला गेलो आणि उसण भरली. आता बरा आहे.

तुमचं बरोबर आहे. खूण नव्हती. मी कागदावर सही करून आलो, घाईत होतो, बघितलंच नाही. मग चौकशीत अंगावर येईल म्हणून खूण दिसल्याचं ठोकून दिलं, आणि एकदा बोललो ते बोललो. इतकी वर्षं तेच घोकत बसलो की मलाही खरं वाटायला लागलं. सोबत वेगळ्या कागदावर तुम्हाला हवं तसं लिहून सही केली आहे. तसंच छापा.

एक सुचवतो. त्या दिवशीच्या पूजेचं वगैरे पुस्तकात घालू नका. कुंकवाचं तर अजिबात नको. इंग्रजी वाचणाऱ्यांना त्यातलं काय कळतंय? आणि हेझलला पत्र लिहाल तेव्हा तिलाही नका सांगू. केयालाही नको. उगाच कशाला!

तुम्ही त्या दिवशी फार प्रेमानं केलंत सगळं. रॉबिन गाडीत बसताना मला टिळा दाखवून म्हणाला होता, “आय ऍम प्रोटेक्टेड टुडे.” त्याला फार बरं वाटलं होतं, वहिनी. एवढं लक्षात ठेवा आणि बाकीचं सोडून द्या. तब्येतीला जपा. ओटावाला या वर्षी बर्फ फार आहे म्हणतात, एकट्या बाहेर पडू नका.

तुमचा
मिलिंद


कनाटा
२ एप्रिल २०२५

भावोजी,

बावीस वर्षांनी लिहितेय हा शब्द.

तुमचा सहीचा कागद मिळाला. मी खूश झाले, खोटं कशाला सांगू? जिंकल्यासारखं वाटलं. केयाला हाक मारली, तिला शेवटचं पान सांगायला बसले, आणि तुमची पत्रं ओळीनं समोर ठेवली. तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं मी. बावीस वर्षं एकाच गोष्टीवर अडून बसलेला माणूस माझं एक पत्र वाचून ती सोडतो? पाया पडून मागितलेलं वाक्य स्वतःच खोडतो? आणि वर म्हणतो, कुंकवाचं कुणाला सांगू नका. भावोजी, तुम्हाला खोटं बोलता येत नाही हो. कधीच येत नव्हतं.

तुम्ही खूण पाहिली होती. ती रंगाची नव्हती, माझ्या बोटाची होती. तीन नट तुम्ही आवळले होते, त्यांवर मी कुंकू लावलं ते रेघेवर रेघ. चौथा नुसता हातानं बसवलेला, त्यावर फक्त माझं कुंकू. तुम्ही आलात आणि नियमाप्रमाणे हात लावला नाहीत.

मी मारलं रॉबिनला. त्याच्या कपाळाला ज्या बोटानं लावलं, त्याच बोटानं.

थांबा, अजून आहे. नट स्वच्छ सापडला म्हणता ना? तो यांनी शोधला. त्या रात्री मी यांचे कपडे धुवायला काढले तर खिशातला रुमाल लाल होता. मला वाटलं, रॉबिनचं रक्त. विचारायची छाती झाली नाही, मुकाट्यानं धुतला. पण रक्त वाळलं की काळपट होतं, हे बाईमाणसाला कुणी शिकवावं लागत नाही. तो डाग तीन धुण्यांनंतरही लालच होता, आणि हाताला तेलकट लागत होता. हे मला दिसत होतं आणि मी ते बघितलं नाही.

नंतर आमच्या घरात, तिथं इंग्लंडात आणि इथं कॅनडात आल्यावरही, दसऱ्याला कधी पूजा झाली नाही. मी ताम्हण काढलं की हे म्हणायचे, “माझा विश्वास उडाला, नको.” मला वाटायचं, दुःखानं म्हणतात. नवी गाडी घेतली तेव्हा मी कुंकू लावायला गेले, तर माझा हात धरला यांनी, घट्ट, आणि रडायला लागले. तेव्हाही मला कळलं नाही. इतकी कशी हो मी मूर्ख!

यांना माहीत होतं. वही तिथेच का थांबली, तेही आता कळलं.

तुम्हाला हे ठाऊक होतं का? खरं सांगा.

प्रमोदिनी


एडमंटन
१४ एप्रिल २०२५

वहिनी,

नाही. नव्हतं ठाऊक.

कुंकवाचं तुमच्या पत्रात वाचलं तेव्हा कळलं की मी वेडा नव्हतो. त्या दिवशी घराला एकदाच कुलूप लावलं आणि मागं न बघता दोन तास चालून आलो. इतका हलका मी कधी झालो नव्हतो. मग परत येऊन म्हटलं, मिल्या, तुझं आयुष्य तर होऊन गेलं. त्या बाईला आता सत्तरीत हे कळून काय व्हायचंय? म्हणून तसं लिहिलं. नट वाळूत घासला गेला असेल, अशी समजूत करून घेतली होती मी.

बाळ्यानं पुसला हे तुम्ही सांगायला नको होतंत.

तुमच्यासाठी केलं, ते समजतं. मीही तेच करायला निघालो होतो. पण माझ्या कानात तरी सांगायचं होतं त्यानं. मी कुणाला बोललो असतो का? सगळं अंगावर घेऊन हसत हसत विमानात बसलो असतो. फक्त मला माहीत असतं, की मी बघितलेलं खरं होतं. विमानतळावर मला मिठी मारून म्हणतो, चूक माणसाच्या हातून होते! कुणाच्या रे, बाळ्या? कुणाच्या?

ईशानी विचारते, “व्हाय आर यू क्रायिंग, बाबा?” काय सांगू तिला?

वहिनी, तुम्ही रॉबिनला मारलं नाहीत. तसं पुन्हा लिहू नका. गाडी जॅकवर सोडून मी गेलो, नियम बाळ्याचा होता, आणि बोट तुमचं. तिघांचं मिळून झालं ते. पण छापू नका. बाळ्याला आता कुणी काही म्हणायला नको. माझा सहीचा कागद आहे तुमच्याकडे, तोच छापा. मला सवय झाली आहे.

मिलिंद


कनाटा
९ मे २०२५

भावोजी,

परवा तिथीनं वर्षश्राद्ध झालं. मंदिरातले गुरुजी आले होते, पंधरा-वीस माणसं जेवली. पुस्तक सगळ्यांना दिलं, तुमची प्रत सोबत आहे.

तुमचं ऐकलं नाही. शेवटचं पान मी लिहिलं. केया टाइप करता करता थांबली आणि म्हणाली, “आजी, आर यू शुअर?” म्हटलं, लिही. त्यात एवढंच आहे: ‘मिलिंद यांनी चौथ्या नटावर लाल खूण पाहिली. ती तिथे होती. ती मी कुंकवाची केली होती. माझ्या नवऱ्यानं ती पुसली आणि कुणाला सांगितलं नाही. मिलिंद खरं बोलत होते.’ खाली माझी सही आहे.

हेझलला पुस्तक आणि पत्र दोन्ही पाठवलं. तिचं उत्तर आलं नाही. कदाचित येणारही नाही, आणि त्याबद्दल मी तिला काही म्हणू शकत नाही.

तुम्ही दोघांनी मला वाचवलंत. एकानं बावीस वर्षं, आणि दुसऱ्यानं एका पत्रात. दोघांपैकी कुणी मला विचारलं नाही, की प्रमोदिनी, तुला वाचायचंय का? रॉबिनसाठी मी रडले ते परक्याच्या चुकीसाठी रडावं तसं. जे रडू माझं होतं, ते मला आता सत्तरीत रडावं लागतंय, एकटीला. आणि इतकी वर्षं तुमच्या नावानं बोटं मोडली ती वेगळीच. तुमच्या लग्नात करवली म्हणून मिरवलेली मी, तुमची बायको गेली तेव्हा दोन ओळीसुद्धा लिहिल्या नाहीत. त्याची माफी मागायची तर कुठल्या शब्दात मागू?

श्राद्धाच्या वेळी गुरुजी म्हणाले, “आई, मनातलं सगळं सोडून नमस्कार करा.” मी हात जोडले, पण सुटेना. ज्या माणसानं माझ्यावर इतकी माया केली, त्यानं ती दुसऱ्याच्या जिवावर केली. फोटोसमोर उभी राहून मी यांच्याशी भांडले. सगळ्यांसमोर. माणसं म्हणाली, दुःखानं चळली.

भावोजी, यांना माफ करायचं की नाही, ते मी ठरवू शकत नाही. तो मान आधी तुमचा आहे. तुम्हाला जमलं तर एक ओळ लिहा. नाही जमलं तरी लिहा. तोवर मी यांच्या फोटोला हार घालणार नाही.

तुमची
वहिनी